अंगची ताकद, उसनी ताकद : आखाड्याच्या नालेपासून पॉवरलिफ्टिंगच्या मंचापर्यंत

तुरीचा हंगाम आला की अकोल्याच्या धान्यबाजारात हमालांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पाठीवर पोते घेण्याआधी हमाल कमरेचा पंचा करकचून आवळतो, डोक्यावर चुंबळ किंवा खांद्यावर कापडाची घडी ठेवतो आणि मग वाकतो. पंचा आवळल्यामुळे तुझी ताकद किती वाढली, असा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसेल. परंतु नेमका हाच प्रश्न पॉवरलिफ्टिंग या खेळात गेली चाळीसेक वर्षे गाजतो आहे. अंगावर आधार देणारा पोशाख चढवून उचललेले वजन खरे मानायचे का? मानायचे तर ते कोणाच्या नावावर मांडायचे, माणसाच्या की कापडाच्या?

हा वाद परदेशातला, आधुनिक व्यायामशाळेतला, म्हणून बाजूला सारता येत नाही. वऱ्हाडाच्या व्यायामपरंपरेचा इतिहास लिहायला बसणाऱ्यालाही तो टाळता येत नाही. ताकदीचा इतिहास शेवटी आकड्यांवर उभा राहतो, आणि आकडा विश्वासार्ह ठरण्यासाठी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात : वजन कोणत्या मापाचे, उचलण्याची रीत कोणती आणि आधार कशाचा.

मापाचा प्रश्न

भार उचलून शरीर घडवणे आपल्याकडे नवे नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या दिनक्रमाचे वर्णन येते. त्यात पोहण्याच्या आणि खांबावरच्या मेहनतीबरोबर ‘भारश्रम’ असा वेगळा प्रकार सांगितला आहे. पुढे महाराष्ट्रातल्या आखाड्यांत दंड-बैठकांच्या जोडीला मुद्गल, करेल, जोडी आणि दगडी नाल ही साधने रुळली. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. आपल्या व्यायामसाधनांचा एवढा मोठा संग्रह दुसऱ्या कोणत्याही भारतीय भाषेत क्वचितच सापडेल.

आखाड्यात मात्र ताकद मोजण्याची रीत निराळी होती. बैठका संख्येने मोजत, नाल नावाने ओळखली जाई. अमक्या तालमीची नाल फलाण्याने खांद्यावर घेतली, एवढे सांगितले की पंचक्रोशीला कळे. कारण ती नाल सगळ्यांनी पाहिलेली असे, पुष्कळांनी हलवून सोडून दिलेली असे. अडचण येते ती पुढे, जेव्हा ही आठवण कागदावर ‘दहा मणांची नाल’ म्हणून उतरते. मण कोणता? बंगाली मण सुमारे ३७.३ किलोंचा, तर मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोंचा. दहा मण म्हणजे एका हिशेबाने १२७ किलो आणि दुसऱ्या हिशेबाने ३७३ किलो! पहिले वजन कसलेला गडी उचलील, दुसरे जगातले मोजकेच लोक उचलतील. १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर किलो सर्वत्र आला आणि हा घोटाळा मिटला. त्याआधीच्या पराक्रमांची नोंद वाचताना मात्र तो ध्यानात ठेवावाच लागतो.

रीतीचा प्रश्न

अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. त्यातूनच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. हुतात्मा राजगुरू यांनी काही काळ येथे व्यायामाचे धडे घेतले होते, ही गोष्ट अमरावतीकर आजही अभिमानाने सांगतात. राष्ट्रासाठी शरीर कमवायचे, ही त्या काळची धारणा होती. त्यामुळे कोण किती किलो उचलतो यापेक्षा किती तरुण आखाड्यात उतरतात, याला मोल होते.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक जर्मनीला गेले. तेथे त्यांनी कबड्डीची आणि भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताच्या नावाने वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरलेला गडी होता ब्रह्मदेशाचा झॉ वेइक. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात भारतीय ताकदीची दोन रूपे जगापुढे आली. अमरावतीकरांचे कसब लोकांनी पाहिले आणि वाखाणले, पण त्याला गुण नव्हते. झॉ वेइकची ताकद पंचांसमोर किलोत मोजली गेली. १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही मंडळाने हजेरी लावली, तीही प्रात्यक्षिकांसाठीच.

किलोत मोजले म्हणजे सगळे चोख झाले, असेही नाही. त्या काळी वेटलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार होते : प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. प्रेसमध्ये खांद्यापर्यंत आणलेले वजन केवळ हातांच्या बळावर डोक्यावर न्यायचे असे. हळूहळू स्पर्धक कंबर मागे झुकवू लागले, अंगाला हिसका देऊ लागले, आणि कोणता प्रेस नियमात बसतो हे पंचांनाही ठरवणे कठीण होऊन बसले. अखेर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस वगळण्यात आला. किलो तेच होते, पण उचलण्याची रीत बदलल्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना फोल ठरू लागली होती.

योगायोगाने त्याच १९७२ साली आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला. या खेळात स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार. प्रत्येकाचे तीन प्रयत्न, आणि तिन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज हा निकाल. समोर तीन पंच. दोन पांढरे दिवे लागले तरच प्रयत्न ग्राह्य. स्क्वॉटमध्ये मांडीचा वरचा सांधा गुडघ्याच्या माथ्याखाली गेला पाहिजे. बेंच प्रेसमध्ये दांडा छातीवर स्थिर झाल्यावर पंचाचा हुकूम येईपर्यंत थांबले पाहिजे. डेडलिफ्टमध्ये गुडघे आणि खांदे पुरते सरळ झाले पाहिजेत. बैठका मारणाऱ्या आखाड्याच्या पोराला यातला स्क्वॉट परका वाटू नये. फरक एवढाच की येथे हजार बैठकांऐवजी एकच, पण अंगातले सगळे बळ लावून.

आधाराचा प्रश्न

रीत पक्की झाली तरी तिसरा प्रश्न उरला. गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळणे आणि घट्ट पोशाख घालणे खेळाच्या सुरुवातीच्या काळातच आले होते. १९८३ साली अमेरिकेच्या जॉन इन्झर यांनी बेंच शर्ट आणला आणि चित्रच पालटले. या जाड, ताठ कापडाच्या शर्टाच्या बाह्या पुढच्या दिशेने शिवलेल्या असतात. दांडा छातीकडे येताना कापड ताणले जाते आणि वर जाताना तोच ताण स्प्रिंगसारखा परत मिळतो. शर्ट इतका ताठ की हलके वजन घेतले तर दांडा छातीला टेकतच नाही! स्क्वॉटचा सूट नितंबांवर असाच ताणला जातो. गुडघ्यांची पट्टी दोन मीटरपर्यंत लांब असू शकते आणि खाली बसलेल्याला ती वर फेकू पाहते. डेडलिफ्टला या साधनांचा लाभ त्या मानाने कमी होतो.

आकडे झपाट्याने वाढले आणि कुरबुरही वाढली. अखेर २०१२ साली स्टॉकहोमला ‘क्लासिक’ म्हणजे आधाराच्या पोशाखाविना होणारी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि २०१३ पासून क्लासिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा स्वतंत्रपणे होऊ लागल्या. विक्रमांचे रकाने वेगळे झाले. मात्र क्लासिक म्हणजे अगदी उघड्या अंगाने नव्हे. कमरेचा पट्टा, मनगटाच्या पट्ट्या आणि सात मिलिमीटरपर्यंत जाडीची गुडघ्यांची मोजे चालतात. गुंडाळायच्या लांब पट्ट्या, सूट आणि बेंच शर्ट चालत नाहीत.

ही सीमारेषा कोणत्या न्यायाने आखली, याचे उत्तर मला वऱ्हाडातच सापडते. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णा नदीचे पाणी कावडींतून राजराजेश्वराच्या मंदिरात आणतात. १९४४ साली सुरू झालेली ही परंपरा. वाट सुमारे १८ किलोमीटरांची, आणि मोठ्या कावडींना शेकडो भरणे बांधलेले. खांदा सोलवटू नये म्हणून भोई खांद्यावर कापड घेतो. ते कापड ओझे सोसायला मदत करते, पण एक भरणाही उचलत नाही. हमालाच्या चुंबळीचेही तसेच. कमरेचा पंचा थोडा वेगळा : पोट त्याच्यावर रेटले की धड ताठ होते आणि पाठीचा कणा सावरला जातो. पण रेटणारे पोटच असते. ते सैल सोडले तर पंचा काही कामाचा नाही. बेंच शर्ट मात्र स्वतः ताण साठवतो आणि परत करतो. आधार इजा टाळतो की ओझ्याचा वाटा उचलतो, हा भेद हमालाने न बोलता पाळला होता. क्लासिकच्या नियमांनी तो साधारणपणे कागदावर आणला.

म्हणून पोशाख घालून उचलणाऱ्याला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. वाढलेले वजन पाठीवर त्यालाच पेलावे लागते, हाडे आणि सांधे त्याचेच असतात. शर्टमध्ये दांडा कोणत्या रेषेत खाली आणायचा, हे शिकण्यात महिने जातात. सरावही निराळा : पोशाखवाला हात सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यावर जोर देतो, कारण खाली त्याला कापड सावरते, क्लासिकवाल्याला छातीवर थांबून तिथूनच बळ काढावे लागते. हे दोन वेगळे खेळ आहेत, आणि दोन्ही चोख आहेत, जोवर त्यांची सरमिसळ होत नाही.

खर्चाचा भाग मात्र विसरता येत नाही. पोशाख महाग, अंग भरले की तो बदलावा लागतो, आणि तो चढवायला दोघे-तिघे मदतनीस हाताशी लागतात. अचलपूर किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या लहानशा व्यायामशाळेत एकट्याने घाम गाळणाऱ्या पोराला किंवा पोरीला हे कुठून जमावे? स्त्रियांची जागतिक स्पर्धा १९८० पासून होते आहे. पण आपल्याकडच्या मुलीसाठी दार खऱ्या अर्थाने उघडते ते एक पट्टा आणि गुडघ्यांचे मोजे एवढ्यावर मंचावर जाता येते तेव्हा. आखाड्याचेही मूळ बळ हेच होते : लंगोट, माती आणि मेहनत याखेरीज प्रवेशाला दुसरे मोल नव्हते.

आज गावोगावच्या व्यायामशाळांच्या भिंतींवर विक्रमांचे फलक लागतात. त्यांवर नाव असते, वजन असते, वर्ष असते. त्याच ओळीत उचलण्याचा प्रकार आणि अंगावर काय होते, हेही लिहावे. जुन्या नालेचा मण कोणता, हे सांगणारे आज कोणी उरले नाही. निदान पन्नास वर्षांनी या फलकांपाशी उभ्या राहणाऱ्या माणसावर तरी तशी वेळ येऊ नये.