मान्यता नसलेल्या राष्ट्राचे कर्जरोखे

१९२० सालच्या जानेवारी महिन्यात अमेरिकेत एक आगळावेगळा कागद विक्रीस निघाला. ज्या आयरिश प्रजासत्ताकाच्या नावाने तो काढला होता, त्यास जगातील प्रमुख राष्ट्रांपैकी एकानेही मान्यता दिलेली नव्हती. त्याची संसद आदल्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने बेकायदा ठरविली होती. मंत्र्यांपैकी कोणी तुरुंगात, तर कोणी भूमिगत होते. मान्यता नसलेल्या सरकारचा रोखा विकण्यास अमेरिकेच्या कायद्याची अडचण येत असल्याने त्यास ‘रोखा’ असे न म्हणता ‘रोख्याचे प्रमाणपत्र’ असे नाव द्यावे लागले. वायदा असा की, प्रजासत्ताकास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली की खरा रोखा हाती येईल आणि मग पैसे परत. किंमत १० डॉलरपासून १०,००० डॉलरपर्यंत. कोणत्याही पेढीवाल्याने हा कागद हाती धरून हसून परत केला असता. परंतु सुमारे ३ लाख माणसांनी तो घेतला आणि ५० लाखांहून अधिक डॉलर गोळा झाले. भागाकार केला तर दर माणशी सरासरी २० डॉलरदेखील भरत नाही. आमच्या मते या कथेचे मर्म त्या भागाकारातच आहे. हे धनिकांचे पैसे नव्हते.

मग कोणाचे होते? त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८४५ पासून काही वर्षे आयर्लंडमधील बटाट्याचे पीक रोगाने कुजून गेले. सुमारे १० लाख माणसे भुकेने व तापाने मेली आणि त्याहून अधिक माणसांनी देश सोडला. दुष्काळ संपला, पण ओघ थांबला नाही. १८९० साली स्थिती अशी होती की, आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि हयात असलेल्या दर पाच माणसांपैकी सुमारे दोन माणसे परदेशी राहत होती. या स्थलांतरात एक गोष्ट युरोपातील इतर देशांहून वेगळी होती. अविवाहित तरुण मुली मोठ्या संख्येने एकट्यादुकट्या बोटीत बसत. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया येथील सुखवस्तू घरांत त्या स्वयंपाक व घरकाम करीत. या मुली इतक्या घरांतून होत्या की ‘ब्रिजेट’ हे नाव म्हणजे मोलकरीण असाच अर्थ झाला होता. त्यांच्या पगारातून घरचे खंड भरले गेले, धाकट्या भावंडांच्या बोटीच्या तिकिटांचे पैसे निघाले आणि अमेरिकेतील कित्येक देवमंदिरांच्या भिंती उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यासाठी हात पसरणारे पुढारी आले, तेव्हा त्याच पाकिटातून आणखी एक नोट बाहेर पडली.

अशी देणगी मिळविण्याची वाट मात्र एका दिवसात तयार झाली नव्हती, आणि ख्रिस्तसभेचा तिच्याशी असलेला संबंध सरळ नव्हता. १८५८ साली न्यूयॉर्कमध्ये ‘फेनियन ब्रदरहुड’ ही शपथबद्ध संघटना निघाली. शस्त्राने स्वातंत्र्य मिळवायचे हा तिचा मार्ग. १८६६ साली तिच्या लोकांनी चक्क कॅनडावर स्वारी केली. गुप्त शपथ आणि सशस्त्र बंड या दोन्ही गोष्टी धर्माधिकाऱ्यांना मान्य होणे शक्य नव्हते. १८७० साली रोमच्या होली ऑफिसने फेनियनांचा नामनिर्देश करून निषेध केला. म्हणजे रविवारी मिस्साबलिदानाला गुडघे टेकणाऱ्या माणसाला शनिवारच्या सभेचे पाप कबूल करावे लागे, आणि कबुलीपिंजऱ्यात बसलेला धर्मगुरू बहुधा त्याच्याच परगण्यातून आलेला असे! त्या धर्मगुरूची घालमेल आम्ही समजू शकतो.

ही कोंडी फुटली ती १८७९ च्या भूमिसंघामुळे. जमीनदारांविरुद्ध उघडपणे, सभा आणि वर्गणी यांच्या बळावर लढायची ही चळवळ. १८८० च्या फेब्रुवारीत चार्ल्स पार्नेल यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे भाषण केले. ते स्वतः प्रॉटेस्टंट होते, हेही लक्षात ठेवावे. त्याच वर्षी त्यांची बहीण फॅनी हिने न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचा भूमिसंघ स्थापन केला. पॅट्रिक फोर्ड यांचे ‘आयरिश वर्ल्ड’ हे पत्र वर्गणीदारांची नावे छापीत असे. सणाच्या वर्गणीची यादी देवळाच्या दारावर लागली की आपले नाव बोटाने शोधणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. फोर्ड यांना मनुष्यस्वभाव नेमका कळला होता.

तेव्हा १९१९ च्या जूनमध्ये एमन डी व्हॅलेरा एका बोटीतून लपूनछपून न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा शेत नांगरून ठेवलेले होते. त्यांचा जन्मही न्यूयॉर्कचाच, १८८२ सालचा. १९१६ च्या ईस्टरमधील उठावात त्यांना झालेली फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली होती. त्यांच्या येण्याच्या चार महिने आधी फिलाडेल्फियात आयरिश वंशीयांची परिषद भरली, आणि तेथे स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव कोणी मांडला? बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स यांनी. पन्नास वर्षांपूर्वी रोमने निषेधिलेल्या ध्येयाला आता अमेरिकेतील सर्वात ज्येष्ठ कार्डिनल आशीर्वाद देत होते. ध्येय तेच असले तरी मार्ग बदलला होता. गुप्त शपथेची जागा उघड सभेने घेतली होती. त्यातच पहिल्या महायुद्धात छोट्या राष्ट्रांच्या हक्कांची भाषा खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीच रूढ केली होती.

रोखेविक्रीची रचना साधी होती. राज्यासाठी एक समिती, तिच्या हाताखाली शहराची, आणि शेवटी वस्तीतील स्वयंसेवक. आयरिश वस्ती म्हणजे धर्मग्रामच. सभेला जागा हवी तर धर्मग्रामाचे सभागृह, निरोप पोहोचवायचा तर मिस्सानंतरचे अंगण. त्याशिवाय ‘हायबर्नियन’ बंधुसंघाच्या शाखा आणि परगण्यापरगण्यांची मंडळे होतीच. सॅन फ्रान्सिस्कोत गॉलवेहून आलेले फादर पीटर यॉर्क यांनी १९०२ पासून ‘लीडर’ हे साप्ताहिक चालविले होते. कामगारांच्या संपात आणि आयर्लंडच्या प्रश्नात त्यांची लेखणी सारखीच धारदार. अशा माणसाने शब्द टाकला की घरचा मनुष्य सांगतो आहे असे लोकांना वाटे. न्यूयॉर्क व मॅसॅच्युसेट्स ही राज्ये वर्गणीत आघाडीवर राहिली.

दुर्दैव असे की, गोळा करणारे आपसांत भांडले. जुने फेनियन जॉन डेव्हॉय आणि न्यायाधीश डॅनियल कोहॅलन यांना वाटे की, अमेरिकेतील आयरिशांचे राजकारण अमेरिकेतील आयरिशांनी ठरवावे. डी व्हॅलेरांना वाटे की, ते आयर्लंडच्या प्रतिनिधीने ठरवावे. १९२० च्या जूनमध्ये शिकागो येथे रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात दोघांनी वेगवेगळे ठराव पुढे केले आणि पक्षाने दोन्ही बाजूला सारले. नोव्हेंबरमध्ये डी व्हॅलेरांनी स्वतःची निराळी संघटना काढली. मोलकरणीने दहा डॉलर देताना यांपैकी कोणाचा गट धरला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

याच वर्षी मेलबर्नचे आर्चबिशप मॅनिक्स अमेरिकेत हजारोंच्या सभांत बोलून मायदेशी निघाले असता, ८ ऑगस्ट रोजी ब्रिटिश नौदलाने त्यांना बोटीवरून उतरवून घेतले आणि इंग्लंडमधील पेन्झन्सला नेऊन सोडले. एका आर्चबिशपांना आपल्या जन्मभूमीत पाय ठेवण्याची बंदी झाली! आपल्या देशाशीही या वर्षाचा एक धागा आहे. फेब्रुवारीत डी व्हॅलेरांनी न्यूयॉर्कमध्ये हिंदी स्वातंत्र्याच्या मित्रमंडळापुढे भाषण करून दोन्ही देशांचे दुःख एकच असल्याचे सांगितले. जूनमध्ये जालंदरच्या छावणीत कॉनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश शिपायांनी, घरच्या बातम्या ऐकून, बंदुका खाली ठेवल्या. त्याच पलटणीतील जेम्स डेली याला नोव्हेंबरमध्ये दगशाई येथे गोळ्या घालण्यात आल्या. लोकमान्य टिळकांच्या ‘होमरूल’ संघाचे नावही मूळ आयर्लंडचेच, हे वाचकांस ठाऊक असेल.

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. १९२० साली आयर्लंडमध्ये रक्त सांडत होते, दोन्ही बाजूंनी. दिलेल्या पैशाचे काय होईल, हे देणाऱ्याने विचारायचे की नाही? पुष्कळांनी विचारले, असे दिसते. कारण जळलेली गावे व उघड्यावर पडलेली कुटुंबे यांच्या मदतीसाठी वेगळी समिती निघाली, तेव्हा तिच्याकडेही रोख्यांच्या तोडीची रक्कम आली. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्या कार्यास २ लाख लिरा पाठविले आणि कार्डिनल लोग यांना लिहिलेल्या पत्रात दोन्ही पक्षांना हिंसा थांबविण्याची विनंती केली. दान देण्यास पवित्र आणि प्रश्न विचारण्यास अपवित्र, असे काही नसते.

रोख्यांच्या पैशाचे पुढे काय झाले, ते सांगावयास हवे. जवळजवळ निम्मी रक्कम न्यूयॉर्कच्या बँकांतच राहिली होती. १९२१ च्या डिसेंबरात तह झाला, त्यावरून यादवी पेटली, आणि कालपर्यंत एका ध्वजाखाली लढलेले भाऊ त्या पैशासाठी अमेरिकेच्या न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. नवे सरकार म्हणे, वारस आम्ही; डी व्हॅलेरांचा पक्ष म्हणे, आम्ही. १९२७ साली न्यायालयाने दोघांचाही दावा फेटाळला आणि पैसे ज्यांनी दिले त्यांना परत करावेत, असा निकाल दिला. आम्हांस तो निकाल शहाणपणाचा वाटतो.

तरीही कथा तेथे संपली नाही. डी व्हॅलेरा पुन्हा अमेरिकेत फिरले. आपल्या पक्षाची बाजू मांडणारे एक दैनिक काढायचे होते. त्यासाठी प्रमाणपत्रे आपल्या नावे करून द्यावीत, अशी विनंती त्यांनी धारकांस केली. पुष्कळांनी ती मानली. १९३१ च्या सप्टेंबरात ‘आयरिश प्रेस’ निघाले आणि १९९५ पर्यंत चालले. त्याचे नियंत्रण डी व्हॅलेरांच्या कुटुंबाकडे राहिले, यावर आयर्लंडमध्ये वर्षानुवर्षे वाद झाला. दरम्यान डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि १९३३ साली त्यांच्या सरकारने कायदा करून उरलेली देणी मुद्दलाहून काहीसे अधिक देऊन फेडण्याची व्यवस्था केली. ज्यांनी कागद जपून ठेवला होता, त्यांना पैसे मिळाले. ज्यांनी तो सही करून दिला होता, त्यांच्या वाट्याचे डॉलर वर्तमानपत्राकडे गेले.