झाडाच्या पेशींत दारे कोण धरतो?



तुरीचा शेंडा खुडला की बगलेतले फुटवे जोर धरतात, हे तुम्हांला कोणी सांगायला नको. कलमाची काडी लावतानाही तिचे बूड खाली राहील याची खबरदारी तुम्ही घेता, कारण मुळ्या फुटायच्या त्या बुडाशीच. झाडाला ना डोळे, ना मेंदू. मग आपले वर कोणते आणि खाली कोणते, हे त्याला कसे उमगते? हा प्रश्न सोडवायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली. ती हकीकत आज ऐकू या.

आरंभ इंग्लंडमध्ये झाला. चार्ल्स डार्विन उतारवयात मुलगा फ्रान्सिस याला हाताशी घेऊन गवताच्या कोंबांवर प्रयोग करीत. कोंब उजेडाकडे वाकतो हे सर्वांनाच ठाऊक होते. पण टोकावर उजेड अडवणारी टोपी घातली, तर तो वाकेना! उजेड जाणतो तो शेंडा, आणि वाकतो तो त्याखालचा भाग. तेव्हा शेंड्याकडून खाली काही निरोप जात असला पाहिजे, असे त्यांनी १८८० साली ग्रंथात मांडले.

हा निरोप म्हणजे काय? १९२६ साली हॉलंडमधील उट्रेक्ट येथे फ्रिट्स वेंट या तरुणाने ओटच्या कोंबांचे शेंडे कापून आगरच्या चकतीवर ठेवले. काही वेळाने शेंडे काढून टाकले आणि त्या चकतीचा तुकडा एका शेंडा छाटलेल्या कोंबावर एका बाजूस ठेवला. ती बाजू अधिक वाढली आणि कोंब विरुद्ध दिशेला वाकला, तोही अंधारात! निरोप म्हणजे एक रसायन होते. त्याला ‘वाढणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ऑक्सिन हे नाव मिळाले. डाळिंबाच्या गुटी कलमाला मुळ्या फुटाव्यात म्हणून जी पूड लावतात, तीत याच जातीचे द्रव्य असते.

आता खरी मौज पाहा. १९३२ साली उट्रेक्टमध्येच असे दिसून आले, की कोंबाचा तुकडा उलटा धरला तरी ऑक्सिन त्याच्या मूळच्या शेंड्याकडून मूळच्या बुडाकडेच जाते. म्हणजे पाणी उताराला धावते, तसा हा प्रकार नव्हे. पाटाच्या पाण्याला जसा दारे धरणारा लागतो, तसा इथेही कोणीतरी असला पाहिजे.

तो कुठे असावा, याचा तर्क १९७४ साली केंब्रिजच्या रुबेरी व शेल्ड्रेक यांनी आणि १९७५ साली रेव्हन यांनी मांडला. पेशीच्या बाहेर किंचित आंबटपणा असतो, म्हणून ऑक्सिन सहज आत शिरते. आत आंबटपणा कमी असतो. तिथे त्याचे रूप बदलते आणि ते अडकून पडते. बाहेर पडायला त्याला दार हवे. ती दारे पेशीच्या एकाच बाजूला असली, तर प्रवाहाला आपोआप दिशा मिळेल. यांपैकी शेल्ड्रेक यांनी पुढे हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेत तूर आणि हरभरा या पिकांवर काम केले.

तर्क झाला, पण दार कोणी पाहिले होते? मोहरीच्या कुळात अराबिडॉप्सिस नावाचे एक लहानसे रानरोप आहे. त्याचा एक सदोष वाण असा, की त्याच्या दांड्याला फुलेच येत नाहीत. दांडा सुईसारखा सरळ राहतो. म्हणून त्याला ‘पिन’ म्हणू लागले. या रोपात ऑक्सिनची वाहतूक फार मंदावते, हे १९९१ साली जपानी संशोधकांनी दाखवले. १९९८ साली जर्मनीत कोलोन येथे त्यामागचा जनुक हाती आला. त्यापासून होणारे ‘पिन’ प्रथिन दांड्याच्या पेशींत तळच्या बाजूलाच सापडले. हेच ते दार!

हे दार भिंतीत कायमचे चिणलेले नसते. पेशी ते सारखे आत ओढून घेते आणि पुन्हा बाहेर बसवते. २००४ सालच्या प्रयोगांतून कळले, की एक मदतनीस प्रथिन जास्त झाले तर तळचे दार वरच्या बाजूला जाऊन बसते. हा मदतनीस दारावर फॉस्फेटचा जणू टपालशिक्का मारतो, आणि त्यावरून दाराचा पत्ता ठरतो. रोप आडवे केले, तर मुळीच्या टोकातील काही दारे थोड्याच मिनिटांत खालच्या अंगाला सरकतात, हे २००२ साली दिसले होते. तिथे ऑक्सिन साचते, मुळीची खालची बाजू कमी वाढते आणि मुळी जमिनीकडे वळते.

ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेची नव्हे. गव्हातील तणावर मारायचे टू-फोर-डी हे ऑक्सिनचेच कृत्रिम भावंड. त्याचा तुषार वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या कापसावर किंवा द्राक्षवेलीवर गेला, तर पाने आखडून जातात. फवारताना वाऱ्याकडे लक्ष असू द्या.

आणि गुरुजी, डार्विनचा प्रयोग आपल्या शाळेतही होतो. गव्हाचे दाणे अंधारात रुजवा. निम्म्या कोंबांना काळ्या कागदाच्या चिमुकल्या टोप्या घाला आणि एकाच बाजूला भोक असलेल्या खोक्यात सारे ठेवा. दुसऱ्या दिवशी खोके मुलांनाच उघडू द्या. उत्तर सांगू नका, कोंबच सांगतील.