बंड्याने गळा का काढला?

मागच्या महिन्यात आमच्या टीममधला एक मित्र तीन आठवड्यांसाठी ऑनसाइट गेला आणि जाताना त्याचा बीगल आमच्याकडे ठेवून गेला. नाव बंड्या. वय अडीच वर्षं, वजन चौदा किलो (असायला हवं दहा-अकरा), कान जमिनीला टेकतील असे आणि डोळे असे की समोरच्याने स्वतःच्या ताटातली पोळी काढून द्यावी. "अरे, एकदम शांत आहे," असं सांगून पठ्ठ्या विमानात बसला.

शांत! पहिल्याच दिवशी आम्ही दोघं ऑफिसला गेल्यावर बंड्याने असा काही गळा काढला की खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा दार वाजवून गेल्या. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी. मित्राला फोन केला, तर म्हणतो, "आमच्याकडेही हेच रे. खरं सांगू, कुणी घेणार असेल तर देऊन टाकायच्या विचारात आहे."

आता कोड विचित्र वागायला लागला की आधी त्याची हिस्टरी बघायची, ही माझी जुनी सवय. कुणी लिहिलं, कधी, कशासाठी? तसाच शनिवार-रविवार बीगलची हिस्टरी उपसत बसलो. आणि लक्षात आलं की हा बग नाहीच मुळी, फीचर आहे :-)

शिकारी कुत्र्यांच्या ढोबळ दोन जाती. एक नजरेचे: आपला कारवानी किंवा मुधोळ घ्या. सडपातळ, लांब पायाचे, सावज दिसलं की सुसाट. दुसरे नाकाचे. त्यांना सावज दिसायची गरजच नाही, ते कुठून गेलं एवढं जमिनीवर उमटलेलं पुरतं. बीगल हा दुसऱ्या गोटातला, आणि त्याचं काम एकच: ससा.

सशाची गंमत अशी की तो सरळ पळून जात नाही, मोठं वर्तुळ घेऊन आपल्या इलाख्यात परत येतो. त्यामुळे त्याच्यामागे घोडा लागत नाही. बुटके, चिवट, तासन्‌तास माग न सोडणारे कुत्रे असले की मागून माणूस पायी चालला तरी चालतं. पण कुत्रे झुडपात शिरले की दिसत नाहीत. मग मालकाला कळणार कसं? आवाजावरून! माग लागला की कळपाने गळा काढायचा, माग सुटला की गप्प. ज्याचा गळा लांब आणि खणखणीत, त्याची पिल्लं ठेवायची, असं पिढ्यानपिढ्या चालत आलं. पहिल्या एलिझाबेथ राणीकडे हातमोज्यात मावतील असे 'पॉकेट बीगल' होते असं सांगतात (हातमोजा जरा मोठाच असणार!).

अठराव्या शतकात इंग्लंडात घोड्यावरून कोल्ह्याची शिकार करायची फॅशन आली, मोठ्या फॉक्सहाउंडचा भाव वधारला आणि बीगल मागे पडला. तो टिकला मुख्यतः घोडा न परवडणाऱ्या शेतकऱ्यांमुळे. १८३० च्या दशकात एसेक्समधल्या फिलिप हनीवुड नावाच्या पाद्र्याने एक कळप जमवला, आणि आजच्या बीगलचं मूळ बहुतेक जण त्या कळपात शोधतात. अमेरिकेत इलिनॉयच्या जनरल रिचर्ड रोवेट यांनी इंग्लंडहून चांगली कुत्री नेली. १८८५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदवहीत पहिला बीगल आला. इंग्लंडातला बीगल क्लब १८९० चा. स्नूपी १९५० चा, पण तो सशामागे कधी फारसा धावला नाही.

नाकाचा एक किस्सा मला फार आवडला. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी एक एकराच्या मैदानात एक उंदीर सोडला आणि वेगवेगळ्या जातींना शोधायला लावलं. बीगलांना लागला साधारण एक मिनिट. फॉक्स टेरियरना पंधरा. स्कॉटिश टेरियरना तो सापडलाच नाही. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सामानातली फळं आणि मांस हुंगायला अमेरिकन कृषी खात्याने बीगलच नेमले. मुलाकडे निघालेल्या किती आयांच्या बॅगेतले आंबे त्यांनी पकडून दिले असतील, देव जाणे.

पण या हिस्टरीचं एक पान वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन बसलो. कळपात राहायचं म्हणजे भांडकुदळ असून भागत नाही, म्हणून बीगल मुळातच गरीब स्वभावाचा. आकार आटोपशीर, आणि दुखवलं तरी सहसा चावत नाही. नेमक्या याच गुणांमुळे तो प्रयोगशाळांचा लाडका झाला. १९५० च्या दशकापासून युटा आणि डेव्हिसच्या विद्यापीठांत शेकडो बीगलांच्या शरीरात किरणोत्सर्गी द्रव्यं घालून परिणाम पाहिले गेले. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये तोंडाला मुखवटे बांधून धूर ओढायला लावलेल्या बीगलांचे फोटो छापून आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. आणि हे सगळं फार जुनं आहे असंही नाही: २०२२ मध्ये व्हर्जिनियातल्या कंबरलंडच्या पैदास केंद्रातून सुमारे चार हजार बीगल कोर्टाच्या आदेशाने बाहेर काढून घरोघरी द्यावे लागले. त्यातल्या अनेकांच्या पायांना तोवर गवत लागलेलं नव्हतं.

असो. बंड्याकडे येतो.

कळपातला प्राणी नऊ तास एकटा कोंडला तर तो कळपाला हाक मारणारच. ओरडून उपयोग नाही, त्याला वाटतं आपणही सूर लावतोय. मग आम्ही उलटं केलं. सकाळी पाऊण तास फिरायला, तेही त्याच्या नाकाच्या वेगाने. एकेका खांबाशी थांबत. दोरी मात्र सुटता कामा नये, कारण वास लागला की बीगलचे कान बंद होतात, आणि पुण्याच्या रस्त्यावर त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सकाळचं खाणं वाटीत न देता जुन्या टॉवेलात गुंडाळून, खुर्च्यांखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवून ठेवलं. अर्धा तास हुंगून हुंगून तो थकून झोपायचा. खाण्याचं मोजमाप सक्तीचं, बीगलला पोट भरलं हे कळत नाही. काकूंना पोळीचे तुकडे द्यायला बंदी केली (हो, त्याच काकू). लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, पावसाळ्यात तर नाहीच, म्हणून दर रविवारी कान उघडून बघायचे. वास आला किंवा डोकं झटकायला लागला तर थेट डॉक्टर. दुपारी एक कॉलेजचा मुलगा तासभर यायला लागला.

गळा थांबला का? नाही. साडेतीन तासांवरून वीस मिनिटांवर आला. सेक्रेटरींनी दुसरी चिठ्ठी पाठवली नाही.

मागच्या रविवारी मित्र परत आला. त्याला टॉवेल, वजनाचा कागद (तेरा किलो दोनशे) आणि त्या मुलाचा नंबर दिला आणि वर वीस मिनिटं लेक्चर. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत करून बघतो. काल रात्री त्याचा मेसेज आला: बंड्याने टॉवेल फाडला, दुसरा कुठला द्यायचा?