शाळा सुटली की सोडली?

सातवीनंतर काय झालं असं विचारलं की आपल्याकडच्या बायका सांगतात, “शाळा सुटली माझी.” ‘सोडली’ असं क्वचितच ऐकू येतं. यावर अभ्यासू मंडळींचा एक ठरलेला आक्षेप आहे. या वाक्यात कर्ताच नाही, ते म्हणतात. पाऊस पडावा तशी शाळा सुटली, आणि बाप, भाऊ, सासरे सगळे नामानिराळे राहिले. बाई इतकी परवश की अन्यायाचं नावही तिला घेता येत नाही.

हा आक्षेप अर्धं वाक्य ऐकून केलेला आहे. ‘सुटली’वर बाई थांबत नाही. “सुटली. आई बाळंत झाली, धाकटीला कोण बघणार? बाबा म्हणाले, बास झालं आता.” कर्ते आले की सगळे, एकेक करून! ‘सुटली’ म्हणून तिनं कर्तेपणातून वगळलं ते फक्त स्वतःला. कपबशी फोडून ‘फुटली’ म्हणणारं पोर लबाडी करतं, हे खरं. पण इथे बशी तिच्या हातातून पडलेलीच नाही. मराठीनं सोडणं आणि सुटणं अशी दोन वेगळी क्रियापदं दिली आहेत, आणि ती त्यातलं अचूक उचलते.

शिवाय काही कारणांना खरोखरच चेहरा नसतो. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची पाच-सहा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, म्हणजे रस्ताही शाळा सोडवतो हे सरकारनंही मान्य केलंय.

आणि परवश भाषाच शोधायची तर सरकारी अहवाल उघडावा. तिथे शब्द आहे ‘गळती’. गळती नळाची असते. तिच्यातही कर्ता नाही, पण म्हणून शिक्षण खात्याला कुणी परवश म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. कर्ता येतो तो नेमका चुकीच्या जागी, ‘शाळा सोडल्याचा दाखला’ या कागदावर. तिथे सोडणारी ठरते मुलगीच.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींना बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता. दाखला हरवलेला, म्हणून दुय्यम प्रत काढायला त्यांच्या जुन्या शाळेत गेलो. कारकुनानं जनरल रजिस्टर काढून पान उलगडलं. शाळा सोडण्याचे कारण : सतत गैरहजर. मावशींनी बोट ठेवून वाचलं. “गैरहजर कुठं? खिडकीखाली बसायचे की रोज, धाकटीला मांडीवर घेऊन. ती रडायची म्हणून आत घेत नव्हते.” कारकून वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “रजिस्टरात आहे तेच लिहावं लागतं, मावशी.”

आता परतण्याची भाषा. इथे बातमीदारांचा आवडता शब्द ‘जिद्द’. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याला 2016 मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या आज्यांचे फोटो सगळीकडे झळकले. चांगलीच गोष्ट. पण त्या आज्या बहुतेक पहिल्यांदाच पाटी धरत होत्या. परतणारीचं प्रकरण वेगळं. तिला फोटो नको, गुणपत्रिका हवी. अंगणवाडी सेविकेच्या भरतीला आता बारावी लागते. ती ‘जिद्द’ म्हणतच नाही. ती म्हणते, “राहिलेलं होतं ते करून टाकलं.” जसं निवडायचं राहिलेलं धान्य. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनानं 1909 पासून, आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं 1989 पासून, हे काम असंच पाहिलं: बाईला धीर देत बसण्यापेक्षा तिला जमेल अशी सोय करायची.

आणि क्रियापदं बघा. फॉर्म भरला, दहावीला बसले, गणित काढलं, इंग्रजी राहिलं तर पुन्हा देईन. ‘सुटली’ म्हणणारीच्याच तोंडात आता सगळीकडे कर्ता आहे. भाषा तिच्याकडे आधीपासून होती. परवशतेचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी या दुसऱ्या अर्ध्याचा हिशेब कुठे दिलेला नाही. बाप वाचवायला म्हणून ‘सुटली’ म्हणणाऱ्याही असतात, नाही असं नाही. पण त्याही कर्ता गाळतात तो जाणून.

त्या दिवशी शाळेतून परतताना मावशींनी दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराखाली धरला होता. फाटकाशी वॉचमननं विचारलं, “कुठं गेलावता सकाळी सकाळी?”

“शाळेत,” मावशी म्हणाल्या. “दाखला काढून आणला.”