काकी, डेगा आणि चारिझार्ड

२०२३ च्या जानेवारीत आदिलाबादला जाणं झालं. माझी मावसबहीण तिकडे दिली आहे. गोव्याहून आदिलाबाद म्हणजे एक मोठं प्रकरणच. नांदेड गाठा, तिथून मुदखेड, किनवट करत रेल्वेने जा, आणि उतरल्यावर कळतं की आपण तेलंगणात आलो खरे, पण कानावर अर्धी मराठीच पडते आहे. तसं असणारच म्हणा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखात आले, पण माणसं काही नकाशाच्या रेघेप्रमाणे कापली जात नाहीत. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सोयरिका आहेत, त्यातलीच एक आमची.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. कापसाचे ट्रॅक्टर रस्त्याला लागलेले, आणि केस्लापूरच्या नागोबाची जत्रा तोंडावर आलेली. मी गेलो होतो खरं तर जैनथचं देऊळ बघायला. पण हा लेख सुरू होतो तो बहिणीच्या घरच्या ओसरीवर.

भाचा नववीत. त्याच्यापुढे एक शंभर पानी वही, वहीत सहा रकाने, प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एका प्राण्याचं नाव आणि खाली चार-चार ओळी. मला वाटलं जीवशास्त्राचा अभ्यास! तर ते पोकेमॉन निघालं. मोबाइलवर जगात कुठेतरी बसलेल्या दुसऱ्या पोराशी त्याची लढत ठरली होती आणि हा आपली फौज बांधत होता. सहा प्राणी, प्रत्येकाला चारच डाव. डाव शेकड्यांनी उपलब्ध, पण निवडायचे चार. पाणी आगीला विझवतं, आग झाडाला जाळते, झाड पाणी पिऊन टाकतं, अशी ही साखळी. पुढे वीज, दगड, बर्फ, विष करत करत असे एकूण अठरा प्रकार होतात, आणि एकाच प्राण्यात दोन प्रकार असले की हिशेब आणखी चढतो. त्याचा लाडका चारिझार्ड आगीचा आणि वर उडणाराही, म्हणून दगडाचा मारा त्याला चौपट लागतो.

बाजूला खाटेवर त्याचे आजोबा पडले होते. बहिणीचे सासरे, वय ऐंशीच्या आसपास. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग असला कच्चा गडी घेतला कायले?"

"आबा, समोरच्यानं दगडवाला काढला तर मी याला मागे बोलावतो आणि पाण्याचा पुढे करतो."

"मागं बोलावता येते?" आबा उठूनच बसले. "आमच्यात नाही येत."

आमच्यात म्हणजे कशात, हे कळायला मला वेळ लागला. आबा कोंबड्यांबद्दल बोलत होते.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्याला कोंबडबाजार म्हणतात, तो इकडच्या तेलुगू मुलखात 'कोडि पंदेम'. पायाला काती बांधून कोंबडे झुंजवायचे आणि त्यावर पैसे लावायचे. कायद्याने बंदी आहे, दर संक्रांतीला पोलिसांचे छापे पडतात आणि तरी ते चालतंच, हे सगळं आपण वर्तमानपत्रात वाचतो. जे सहसा छापून येत नाही ते आबांनी सांगितलं. तेलुगूत या झुंजीचं एक आख्खं शास्त्र आहे, कुक्कुटशास्त्र. त्यात कोंबड्यांची वर्गवारी पिसांच्या रंगावरून होते. काळा तो काकी, पांढरा तो सेतुवा, ससाण्यासारखा लाल तो डेगा, मोरासारखा पिवळसर झाक मारणारा नेमली. शिवाय कौजु, परला, सवला, पिंगला... भेसळीच्या रंगांनाही स्वतंत्र नावं. कुठल्या वारी, कुठल्या नक्षत्रावर, दिवसाच्या कुठल्या भागात कुठल्या रंगाचा कोंबडा कुठल्या रंगाला मारतो याचे आडाखे ठरलेले. रिंगणात कुठल्या दिशेकडून सोडायचा तेही ठरलेलं.

भाचा तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याच्या वहीतला तक्ता आणि हा तक्ता यांत फरक एवढाच, की त्याच्या तक्त्यात घड्याळ नव्हतं.

झुंजीचे प्रकारही आबांनी सांगितले. 'चूपुडु पंदेम' म्हणजे दाखवून खेळायची झुंज. दोन्ही बाजू एकमेकांचे कोंबडे बघतात, वजन अंदाजतात, मग जोड लागते. 'मुसुगु पंदेम' म्हणजे बुरखा घालून. कोंबडा झाकून आणायचा, समोरच्याने काय आणलंय ते कुणालाच ठाऊक नाही. आणि 'डिंकी' म्हणजे बिनकातीची. यावर भाचा एकदम म्हणाला, "मामा, आमच्यात दोन्ही एकदम असतं!" ते असं की मोठ्या स्पर्धांत आधी दोन्ही खेळाडूंना एकमेकांचे सहाच्या सहा प्राणी दिसतात. मग त्यांतले चार प्रत्येकजण गुपचूप निवडतो. म्हणजे सहा चूपुडु आणि चार मुसुगु.

तर सांगायचा मुद्दा असा की झुंज रिंगणात सुरू होण्याआधीच बरीचशी लागून गेलेली असते, जोड लावताना. आणि ही अक्कल जपानी व्हिडिओगेमवाल्यांची नव्हे, ती आपल्याकडे फार जुनी आहे.

कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत एडके, कोंबडे आणि लावे झुंजवण्याची विद्या आहे, हे पुष्कळांना माहीत असतं. त्याहून गमतीचा प्रसंग दंडीच्या 'दशकुमारचरिता'त आहे, सातव्या शतकातला. प्रमती नावाचा कुमार प्रवासात व्यापाऱ्यांच्या एका वस्तीत कोंबड्यांची झुंज बघायला थांबतो आणि त्याला हसू येतं. शेजारचा म्हातारा ब्राह्मण विचारतो, का हसलास? तो सांगतो की पूर्वेकडच्या वाड्याचा कोंबडा नारिकेल जातीचा आहे, आकाराने आणि ताकदीने वरचढ, आणि पश्चिमेकडच्या शहाण्यांनी त्याच्यापुढे विचार न करता बलाका जातीचा सोडलाय. म्हातारा त्याला हळूच गप्प बसवतो. या अडाण्यांना शहाणं करून तुला काय मिळणार, अशा अर्थाचं बोलतो आणि विडा पुढे करतो. झुंज होते, पश्चिमेचा हरतो, म्हाताऱ्याला आनंद होतो, कारण पूर्वेची बाजू त्याचीच! जोडीचं ज्ञान म्हणजे पैसा, आणि ते चारचौघांत बोलायचं नसतं, हे तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या बेरकी म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रमती नक्षत्र बघत नाही, वार विचारत नाही. जात आणि अंगकाठी बघतो आणि निकाल सांगतो. नंतरचं कुक्कुटशास्त्र घटका-नक्षत्रांत शिरलं, तिथे ते निम्मं ज्योतिष झालं. पण सगळंच भाकड म्हणून टाकून देऊ नये असं मला वाटतं. रंग हा वाणाचा शिक्का असतो. पिढ्यान् पिढ्या एका रंगाचे कोंबडे वेगळे राखले, की त्या रंगाबरोबर उडी, पायाची लांबी, तापटपणा यातलं काहीतरी येत असणार. निरीक्षण खरं, आणि त्याच्यावर चढवलेला पंचांगाचा कळस खोटा, असं काहीसं.

आता जैनथ. आदिलाबाद गावापासून थोड्याच अंतरावर काळ्या दगडाचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. पण इतिहासवाल्यांना या गावाची ओढ आहे ती शिलालेखापायी. तो परमार राजपुत्र जगद्देवाच्या काळातला. त्याच्या पदरच्या लोलार्क नावाच्या अधिकाऱ्याच्या पत्नीने, पद्मावतीने, इथे निंबादित्याचं म्हणजे सूर्याचं देऊळ बांधल्याची नोंद त्यात आहे, आणि जगद्देवाने आंध्राच्या राजाला, बस्तरकडच्या चक्रदुर्गाला आणि होयसळांच्या दोरसमुद्राला कसं जेरीस आणलं त्याचं वर्णनही. माळव्याचा राजपुत्र इथे कसा? तर तो कल्याणीच्या चालुक्यांकडे, सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाला आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या शके १०३४ च्या लेखातही हा जगद्देव भेटतो. विक्रमादित्याने त्याला मुलासारखं मानलं असा त्याचा लौकिक.

या विक्रमादित्याचा खरा मुलगा म्हणजे तिसरा सोमेश्वर, 'मानसोल्लासा'चा कर्ता. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ चा हा ग्रंथ. मराठी माणसाला तो ठाऊक असतो तो त्यातल्या मराठी पद्यामुळे. (आम्हां गोवेकरांसाठी जाता जाता: सोमेश्वराची बहीण मैलळदेवी गोव्याच्या कदंब जयकेशी दुसरा याला दिली होती. म्हणजे हा राजा आमच्या राजाचा मेहुणा!) पाच विंशती, शंभर अध्याय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंडेकरांनी संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ साली आला. त्यातल्या चौथ्या, विनोदविंशतीचा क्रम बघा. अंकविनोद म्हणजे शस्त्रधारी योद्ध्यांचं द्वंद्व, मग मल्लविनोद, आणि लगेच कुक्कुटविनोद, लावकविनोद, मेषविनोद, महिषविनोद. माणसांपासून निघून कोंबडा, लावा, एडका, रेडा अशी रांगच लावली आहे. गीत, वाद्य, नृत्य यांचे अध्याय नंतर येतात. राजाने कोंबड्यांच्या झुंजी बघाव्यात यात सोमेश्वराला काही कमीपणा वाटलेला दिसत नाही. तो पाकक्रिया जितक्या मन लावून सांगतो तितक्याच मन लावून हेही.

त्याच शतकात खाली पलनाडूत कोंबड्याच्या एका झुंजीवरून राज्य गेलं. तेलुगू मुलखातली ही कथा शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नलगामराजाची प्रधान नागम्मा आणि त्याच्या सावत्र भावांचा पाठीराखा ब्रह्मनायुडू यांनी कोंबडे झुंजवले. पण असा, की हरेल त्याच्या बाजूने सात वर्षं वनवासात जायचं. ब्रह्मनायुडूचा चिट्टिमल्लू हरला, नागम्माचा शिवंगी जिंकला. लबाडीने जिंकला असं ब्रह्मनायुडूचे भाट सांगतात. वनवास संपल्यावर राज्य परत मिळेना, तेव्हा कारेमपुडीला जे युद्ध झालं त्यात दोन्हीकडचे वीर संपले. ही नागम्मा मूळची गोदावरीपलीकडच्या, करीमनगरकडच्या आरवेल्लीची, असं तेलंगणात मानतात. आबांचं मत विचारलं तर म्हणाले, "त्या बाईले कोंबड्यातलं समजत होतं. लबाडी कायची?"

आमच्या गोव्यात कोंबड्यांपेक्षा धिरयो मोठे. फेस्ताच्या दिवसांत शेतात बैल नाहीतर रेडे झुंजवायचे, आणि जोड कशी लावली यावर आठवडाभर आधीपासून तिंट्यावर वाद घालायचे. १९९६ साली धिरयोत एका माणसाचा जीव गेला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पणजीच्या खंडपीठाने धिरयो बंद करायला सांगितलं. चोरूनमारून अजून होतात ती गोष्ट वेगळी. गंमत अशी, की त्याच १९९६ च्या फेब्रुवारीत जपानात पोकेमॉनचे पहिले खेळ विक्रीला आले. त्याचा कर्ता सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करणारा पोरगा होता.

भाच्याने मला आणखी एक हिशेब समजावला. प्रत्येक प्राण्याला तालमीचे गुण द्यायचे असतात, पण ते मिळून ५१० च्या वर जात नाहीत. वेगात घातले तर अंगात कमी पडतात. आबांनी मान डोलावली. झुंजीच्या कोंबड्याला ते पाण्यात पोहायला लावत, शेक देत, बदाम आणि खिमा चारत. अंगावर मांस जास्त चढलं की उडी जाते, म्हणून मग चारा तोडत. "आमचंबी तसंच. सगळं नाही देता येत."

फरक कुठे पडतो ते मात्र आबाच बोलले. मागे बोलावता येत नाही. काती बांधलेली झुंज कधी दोन मिनिटांतही संपते, आणि हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी रस्सा होऊन जातो. भाच्याचा चारिझार्ड मूर्च्छा येऊन पडतो आणि पुढच्या डावाला ताजातवाना उभा राहतो. काती कुणाची ओळखही ठेवत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत जगत्याल जिल्ह्यातल्या लोत्तुनूरला आपल्याच कोंबड्याच्या पायाची काती लागून एक माणूस गेला. कोंबड्याला पोलिसांनी ठाण्यात नेऊन ठेवल्याची बातमी जगभर हसत हसत छापली गेली. मला ती वाचून हसू आलं नव्हतं. १९६० च्या कायद्यात प्राणी झुंजवणं हा गुन्हा आहे, आणि माझ्या मते तो असायलाच हवा. मात्र ज्याने पिसावरून वाण ओळखायला शिकून घेतलं त्याच्या डोळ्याला मी अडाणी म्हणणार नाही.

"तुम्ही का सोडलं?" मी विचारलं.

आबा थोडं थांबले. एका साली कापसाची सगळी पट्टी हातात आली होती. मुसुगु लावलं. त्यांनी काकी नेला होता, समोरचा बुरखा उघडला तर डेगा निघाला. आडाख्याप्रमाणे त्या वेळेला काकी भारी. पण काकी पडला. त्या वर्षी बहिणीचं, म्हणजे आबांच्या बहिणीचं, लग्न व्हायचं होतं ते झालं नाही. नंतर कधी झालं, ते मी विचारलं नाही.

रात्री भाच्याची लढत झाली. आम्ही दोघेही त्याच्या खांद्यावरून बघत बसलो. समोरच्याने दगडवाला काढला, याने चारिझार्डला मागे घेऊन पाण्याचा पुढे केला, इथपर्यंत वहीप्रमाणे चाललं. पण समोरच्याने तो बदल आधीच ओळखला होता. त्याने दगड मारलाच नाही, विजेचा मारा केला. तिथून सगळं कोसळत गेलं. भाचा वही मिटून हिरमुसला बसला.

"किती वाजले?" आबांनी विचारलं.

"साडेनऊ."

"मंग. साडेनवाले लाल काढत असतेत का कोनी?"