जहाजावरची रेघ

बंदरात उभ्या असलेल्या कोणत्याही मालजहाजाच्या कुशीवर नजर टाकली, तर एक वर्तुळ आणि त्याला आडवी छेदणारी रेघ दिसते. ही रेघ पाण्याखाली जाईल इतका माल भरावयाचा नाही, असा तिचा अर्थ. जहाजांच्या धुरावरून आज जो तंटा चालला आहे, तो या रेघेची हकीकत ठाऊक असल्यावाचून नीट उमगावयाचा नाही, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

इंग्लंडात १८७० च्या सुमारास कित्येक मालक जुनाट जहाजे वाजवीपेक्षा जास्त भरून, त्यांचा भरपूर विमा उतरवून, समुद्रात सोडीत. जहाज पोचले तर भाडे, बुडाले तर विमा. बुडालेल्या खलाशाची नोंद कोणत्याच खतावणीत नसे. डर्बीचा खासदार सॅम्युअल प्लिमसॉल हा धंद्याने कोळशाचा व्यापारी. त्याने १८७३ साली पुस्तक लिहून हा प्रकार चव्हाट्यावर आणला. १८७५ च्या जुलैत डिझरायलीच्या सरकारने विधेयक बाजूला सारले, तेव्हा हा गृहस्थ भर सभागृहात मुठी आवळून गरजला. लोकक्षोभ असा उसळला की १८७६ साली कायदा करणे भाग पडले.

पण त्यात मेख होती. रेघ ओढणे सक्तीचे. ती कोठे ओढावयाची हे मालकाच्या मर्जीवर! रेघेची जागा कायद्याने ठरावयास १८९० साल उजाडले. मालकांची तक्रार अशी की, आम्ही माल कमी भरू आणि परकी जहाजे आमचे गिऱ्हाईक नेतील. त्यावर १९०६ साली ब्रिटनने आपल्या बंदरात येणाऱ्या परकी जहाजांनाही रेघ लागू केली. आंतरराष्ट्रीय करार झाला तो १९३० साली. म्हणजे एकंदर ५४ वर्षे. कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हांला असे आकडे मोजून ठेवण्याची खोडच लागली आहे.

दरम्यान शिडे उतरली होती. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि पूर्वेचा व्यापार झपाट्याने वाफेवर गेला. विलायती आगबोटींवर आमची कोकणातली माणसे बहुधा डेकवर असत, गोव्याची सलूनमध्ये, आणि भट्टीशी पंजाबी, पठाण व सिल्हेटी. भट्टीत कोळसा लोटणाऱ्यास ‘आगवाला’ म्हणत. १९१२ साली डेन्मार्कचे ‘सेलांडिया’ डिझेलवर दूरच्या सफरीला निघाले. पुढे आगवाला गेला. धूर मात्र राहिला. २०१८ साली जगातील जहाजांनी १०७ कोटी टनांहून अधिक उष्णताधारक वायू हवेत सोडले. माणसाने सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी २.८९ टक्के जहाजांचा होता.

हा धूर कोणाच्या नावावर मांडायचा? मालक ग्रीक, निशाण पनामाचे, माल शांघायचा, खलाशी रत्नागिरीचे नि मनिलाचे. १९९७ च्या क्योतो करारात देशोदेशींचे हिशेब झाले. या धुराचा प्रश्न मात्र लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपविण्यात आला. नव्या जहाजांच्या बांधणीचे नियम २०१३ पासून लागू झाले. त्यापूर्वीच, २००८ च्या मंदीनंतर, भाडे पडल्यामुळे मालकांनी आपण होऊन जहाजे हळू हाकली होती. वेग १० टक्के घटविला तर त्याच सफरीला सुमारे १९ टक्के इंधन कमी लागते. पैसा वाचत असला की धूर आपोआप कमी होतो, त्याला ठराव लागत नाही!

२०२३ च्या जुलैत संघटनेने २०५० च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ठरविले. त्याच वर्षापासून मोठ्या जहाजांना धुरावरून अ ते इ अशा पाच प्रती देण्यात येऊ लागल्या. मात्र सगळ्यांत खालची प्रत मिळाली, तर मालकाने सुधारणेचा आराखडा सादर करावा, एवढेच बंधन. आम्हांला येथे १८७६ ची रेघ आठवते.

जागा ठरविण्याचा खरा प्रयत्न २०२५ साली झाला. ठराविक मर्यादेपलीकडच्या धुरासाठी टनामागे पैसे भरावेत, त्यांचा निधी व्हावा, ही योजना एप्रिलमध्ये ६३ विरुद्ध १६ मतांनी मान्य झाली. भारताचे मत बाजूने होते. ऑक्टोबरात तिच्यावर शिक्कामोर्तब व्हावयाचे. त्याआधी अमेरिकेच्या सरकारने, पाठिंबा देणाऱ्या देशांना बंदरशुल्काची आणि व्हिसाबंदीची धमकी दिली. सौदी अरेबियाने तहकुबीची सूचना मांडली आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी प्रश्न वर्षभर पुढे ढकलला गेला. युरोपने मात्र २०२४ पासूनच आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांवर, निशाण कोणाचेही असो, धुराचा आकार बसविला आहे. ही १९०६ चीच वाट.

आता अमोनियावर चालणारी इंजिने येत आहेत. अमोनियात कार्बन नाही हे खरे, पण तो जालीम विषारी. नळी गळली तर प्रथम गाठ इंजिनखोलीतल्या माणसाशी. ही इंजिने हाताळावयास खलाशांना नव्याने शिकवावे लागेल. त्या निधीतून या शिक्षणालाही पैसा मिळावयाचा होता. तोही त्याच तहकुबीत अडकला.