पागा (शिवकालीन अश्वदळ)

शिवाजी महाराजांच्या अश्वदळातील ज्या भागास घोडा व हत्यार सरकारातून मिळे, त्यास पागा आणि त्यातील स्वारास बारगीर म्हणत. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस राही तो शिलेदार. शिलेदारांस पागेच्या हवाली ठेवण्याचा दंडक होता, व त्यामागील हेतू उघड होता: ज्याचा घोडा त्याचीच मर्जी, असा प्रकार होऊन एखाद्या मातबर सरदारास परभारे बंडाळी करण्यास वाव राहू नये.

राजारामाच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिल्या गेलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत या दळाची उतरंड दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमल्यांवर एक हजारी, ५ हजाऱ्यांवर एक पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत, अशी ती रचना होती. अर्थात हजारीच्या हुकमतीखाली प्रत्यक्षात १२५० स्वार येत. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) व एक नालबंद (नाल ठोकणारा) नेमलेला असे. ही तजवीज दिसावयास क्षुल्लक. परंतु सह्याद्रीच्या खडकाळ वाटांनी दौड करणाऱ्या दळाचा वेग तिच्यावरच अवलंबून होता. पायदळाची मांडणी निराळी होती व तेथे सर्वांत खालचा अधिकारी नाईक असे.

या व्यवस्थेचे खरे मर्म मात्र संख्येत नसून हिशेबात आहे. जुमलेदारास ५०० व हजारीस १००० होन वेतन ठरलेले असून प्रत्येकाजवळ मजमदार व इतर कारकून सरकारातून नेमलेले असत, त्यामुळे तलवार ज्याच्या हाती, दप्तरही त्याच्याच हाती, असे सहसा घडत नसे. दसऱ्यास लष्कर मुलूखगिरीस निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी होई. परतताना झाडा घेऊन अधिक आढळलेला ऐवज सरकारजमा होई अथवा वेतनात वळता केला जाई. बायका, बटकी व कलावंतिणी यांस लष्करात सक्त मनाई होती. पावसाळ्यात छावणी पडे, तेव्हाही ताकीद सुटत नसे: राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणनजीक हलवर्ण येथील लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस गेलेल्या महाराजांच्या पत्रात दाणावैरण पुरवून वापरण्यापासून, रात्री जळती वात उंदराने नेऊन गंज पेटू नये येथपर्यंतचा विचार केलेला आढळतो. रयतेची लूट थांबवावयाची, तर आधी घोड्याचा चारा पुरला पाहिजे, हे त्या पत्रकर्त्यास पुरते ठाऊक होते.

सरनोबतीवर नेताजी पालकर, त्यांच्यामागून प्रतापराव गुजर व नंतर हंबीरराव मोहिते हे पुरुष आले. १६७४ साली नेसरीनजीक प्रतापरावांनी मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानावर झेप घेऊन देह ठेवला. सेनापतीच्या दृष्टीने ते साहस कितपत इष्ट, हा वादाचा विषय असला तरी एवढ्या आघाताने फौज विस्कटली नाही.

१६८९ नंतर, मोगलांच्या रेट्यात खजिना रिता व राजा राजाराम जिंजीस, अशा अवस्थेत रोख वेतनाचा हा शिरस्ता टिकणे अशक्य झाले. सरदारांनी आपल्या हिमतीवर पथके उभारावी व त्यांच्या खर्चास मुलूख सरंजाम म्हणून लावून घ्यावा, ही पद्धती रूढ झाली, आणि मराठी घोडदळाचा मोठा भाग पागेच्या हुकमतीतून सरंजामदारांच्या हाती गेला.